अंजनाबाईचं हिरवं लुगडं

मी एक जुनी निगेटिव्ह आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावच्या एका स्टुडिओत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून असते. मित्रांनो, माझी जात जरा वेगळी. माझ्यावर फोटो काळा-पांढराच उमटतो, पण मला धुतात रंगीत रोलच्या रसायनात. एवढी साधी गोष्ट स्टुडिओचे मालक वामनराव यांच्या डोक्यात कधी शिरली नाही. त्या डोक्यात तेलाखेरीज काही शिरल्याचं मी पाहिलं नाही.

एका लग्नात रोल संपवायचा म्हणून त्यांनी लग्नाला आलेल्या अंजनाबाईंना उभं केलं. लग्न बौद्ध घरचं, म्हणून बाई पांढऱ्याशुभ्र लुगड्यात होत्या. त्यांच्या आयुष्यातला तेवढा एकच फोटो. पुढे धानाच्या कापणीच्या दिवसांत त्या वारल्या. पुण्यानुमोदनाला, म्हणजे मृतासाठीच्या बौद्ध विधीला, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली आईचा फोटो ठेवायचा, म्हणून त्यांची मुलगी मनकर्णा स्टुडिओत आली.

वामनरावांनी मला चंद्रपूरच्या रंगीत लॅबमध्ये धाडलं. तिथलं यंत्र रंगीत रोलचा हिशेब धरून चालायचं आणि तो हिशेब मला लागू नव्हता. लॅबवाल्याने जरा लक्ष घालून रंग जुळवले असते तर काम झालं असतं. पण तो पान चघळत बसला. लुगडं हिरवं आलं, चेहराही हिरवा. शेवाळलेल्या विहिरीतून काढल्यासारखी बाई दिसत होती.

मनकर्णाने फोटो दाराशी उजेडात नेऊन पाहिला. वामनराव शांतपणे म्हणाले, "कलर लॅबचा फोटो होय बाई, थोडा रंग तं येनारच." मग स्वतःची अक्कल पाजळून त्यांनी कुंचला घेतला. लुगड्यावर पांढरा रंग थापला, गाल गुलाबी केले, ओठ लाल केले. वर आपल्याच कामगिरीवर खूश.

मनकर्णाने फोटो पालथा ठेवला. "भाऊ, माह्या मायले रंग लावाले तुमाले कोनं सांगतलं?"

ती बाकावर बसली ती हलेना. गिऱ्हाइकं बघू लागली. शेवटी झक मारत वामनरावांनी अडगळीतला, निगेटिव्हवरून फोटो मोठा करून छापायचा जुना एन्लार्जर पुसला आणि मला साध्या काळ्या-पांढऱ्या कागदावर छापलं. लुगडं पांढरं आलं. सुरकुत्या आल्या, उन्हाने बारीक झालेले डोळे आले. मनकर्णा त्या ओल्या कागदाकडे बघून रडली. मलाही भरून आलं.

फोटो घेऊन ती गेली. निगेटिव्ह मागून घ्यायची असते, हे तिला कोणी सांगितलं नाही. वामनरावांनी मला या डब्यात टाकलं. ना कागदाची घडी, ना वर नाव. इथे माझ्याखाली कितीतरी घरच्या आया ओलीने एकमेकींना चिकटून गेल्या आहेत. आता माझीही कड चिकटू लागली आहे.

मित्रांनो, फोटो घ्याल तेव्हा निगेटिव्हही मागून घ्या, कोरड्या कागदात गुंडाळून ठेवा. मातीच्या भिंतीवरच्या फोटोला उधई, म्हणजे वाळवी, लागली की मनकर्णा परत इथेच येईल. आणि वामनराव डब्याकडे न बघताच विचारतील, "कोनती माय?"