गोंजाची जन्मवेळ

नाईलकाठच्या जिंजा गावातल्या मच्छीमार सहकारी संघात त्या दिवशी मासे वाऱ्यावर सोडून सगळे जण सर्व्हरच्या खोलीसमोर जमले होते. होडीवाले होते, बर्फ कारखान्यातले होते, आणि ती जागा पवित्र ठरल्यामुळे हिशेबखात्यातल्या बायका चपला काढून अगदी पुढे बसल्या होत्या. दारात जांभळा झगा आणि कानांवरून घट्ट बांधलेला जांभळा फेटा अशा थाटात उभे होते प्रेषित एलिफाझ सेन्तोंगो. त्यांचा हात एका काळ्या यंत्रावर होता आणि डोळे मिटलेले होते.

"मातोके!" ते गरजले. "बोल लेकरा, तुझा जन्म कधी झाला?"

संघाच्या चार सर्व्हरना खाण्याच्या पदार्थांची नावं होती: मातोके, पोशो, मुवोगो आणि गोंजा. कोणाची होडी, कोणी किती मासे आणले, कोणाला किती बर्फ दिला, हे सगळं या चौघांच्या पोटात. मातोके नुसता घुरघुरला. प्रेषितांनी मान तिरकी केली, फेट्यावरून हात फिरवला आणि आकाशाकडे पाहिलं. तिथे पंखा होता.

"सात मार्च दोन हजार एकोणीस! सकाळी अकरा वाजून चार मिनिटं!"

"बरोबर का गं?" संचालक ब्यारुहांगा यांनी नालुबेगाला विचारलं. संघाचा डेटाबेस तीच सांभाळायची.

"तारीख बरोबर आहे, साहेब."

"आमेन!" असा गजर झाला की शेजारच्या खोलीतला बर्फसुद्धा हलला असेल. कोपऱ्यात प्रेषितांचे वादक भाऊ किझितो यांनी लॅपटॉपला जोडलेल्या कीबोर्डवर दोन सूर वाजवले. आवाज चांगला यावा म्हणून त्यांनी लॅपटॉपची तार कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये खोचली होती. तारेने सूर गोड कसा होतो, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

पोशोचा जन्म बरोबर निघाला. मुवोगोचाही निघाला. पुढचा नंबर गोंजाचा होता. गोंजा महिनाभर दर दुपारी बंद पडत होता आणि होड्या धक्क्यावर तिष्ठत राहत होत्या. प्रेषितांनी रविवारीच सांगून ठेवलं होतं: चौघांतला एक अवेळी जन्मला आहे. ज्याच्या हातून तो जन्मला त्याचा हात बाटलेला आहे. यंत्राला नाईलमध्ये बुडवा, आणि तो हात फाटकाबाहेर काढा. गोंजा एकट्या नालुबेगानेच बसवला होता, आणि हे सगळ्यांना माहीत होतं.

"गोंजा!" प्रेषितांनी हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. "अरेरे! एक जानेवारी दोन हजार तीन! मध्यरात्री बारा वाजून एकवीस मिनिटं!"

जमाव शहारला. नव्या वर्षाची मध्यरात्र! बायका नालुबेगापासून दोन हात सरकल्या.

"पोरी," संचालक खालच्या आवाजात म्हणाले, "मध्यरात्री तू इथे काय करत होतीस?"

नालुबेगाला आधी रडू आलं, मग हसू. दोन्ही गिळून ती पुढे झाली.

"प्रेषित महाराज, नीट ऐकलंत ना? दोन हजार तीनच?"

"स्वर्गात टंकलेखनाच्या चुका होत नाहीत, कन्ये."

"साहेब, दोन हजार तीन साली या जागेवर काय होतं?"

"गाईंचं कुरण," संचालक म्हणाले. मग त्यांनाच काहीतरी टोचलं असावं. "आणि तू...?"

"मी कामुलीच्या शाळेत तिसरीत होते. डोक्यात उवा होत्या म्हणून मला मागच्या बाकावर बसवत."

"आत्मा आधी जन्मतो, देह मागून येतो," एक होडीवाला म्हणाला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. श्रद्धेला आकडेमोडीची अडचण कधीच होत नाही.

"असेल," नालुबेगा म्हणाली. "पण वर्गात दोन मुलांची उत्तरं बरोबर आली तर मास्तर काही म्हणत नाहीत. दोघांची चूक सारखीच आली की ते विचारतात, कोण कोणाच्या शेजारी बसलं होतं? मला एक पेपर तपासू द्या."

तिने भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर एक काळी खिडकी उघडली आणि त्यात सात-आठ ओळी लिहिल्या. "डेटाबेस सर्व्हर बसवला की त्यात त्याचं स्वतःचं एक खातं आपोआप तयार होतं. ते कधी तयार झालं, हे तो लिहून ठेवतो. त्याचा जन्मदाखलाच म्हणा. या ओळी चौघांकडे जाऊन तो दाखला मागतात. नबिर्ये मावशी, इथे बोट दाबा."

चहा करणाऱ्या मावशींनी ओलं बोट आपल्या झग्याला पुसून दाबलं. पडद्यावर चार नावं उमटली आणि नावांपुढे चार तारखा. मातोकेपुढे तीच अकरा वाजून चार मिनिटं होती. गोंजापुढे दोन हजार तीनही होतं, मध्यरात्रीच्या एकवीस मिनिटांसकट.

"अगंबाई!" मावशी ओरडल्या. "मीपण प्रेषित!"

"ही जादूटोणा करते!" प्रेषित कडाडले.

"मग गोंजाने खोटं का सांगितलं, ते पण विचारा ना स्वर्गाला," नालुबेगा म्हणाली. "मी तो बसवला दुपारी, दोन वर्षांपूर्वी. त्याच्या आतल्या घड्याळाची बॅटरी मेलेली आहे. वीज गेली की घड्याळ थेट दोन हजार तीनच्या पहिल्या मध्यरात्रीवर येतं. त्या दिवशी मी यंत्र सुरू केलं, सर्व्हर बसवला, आणि त्याने ती खोटी वेळ जन्म म्हणून लिहून घेतली. घड्याळ मी नंतर लावलं. बॅटरी मागितली तर साहेब म्हणाले, घड्याळ तू लावतेस ना, मग झालं."

संचालक पंख्याकडे बघू लागले.

"देवाला खरी दुपार माहीत असती. दोन हजार तीन फक्त गोंजाला माहीत आहे. म्हणजे महाराजांनी देवाला विचारलं नाही, गोंजाला विचारलं. आता शेजारी कोण बसलंय ते बघू." तिने आणखी एक ओळ लिहिली. "साहेब, तुम्ही या क्षणी चारही सर्व्हरवर आहात."

"मी? मी तर इथे उभा आहे!"

"आमेन!" मागून कोणीतरी म्हणालं. "एकाच वेळी पाच ठिकाणी!"

"तुमच्या नावाने आत शिरलाय तो किझितोभाऊंचा लॅपटॉप. रविवारी पासवर्डना आशीर्वाद द्यायला टोपली फिरवली होती, आठवतंय?"

सगळ्यांना आठवलं. सगळ्यांनी आपापला पासवर्ड चिठ्ठीवर लिहून टोपलीत टाकला होता आणि प्रेषितांनी वर तेल शिंपडलं होतं. नालुबेगाच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलं होतं: 'माझा देवाला आधीच ठाऊक आहे.' संचालकांनी मात्र, आपल्याला सगळं दिसलंच पाहिजे म्हणून हट्टाने घेतलेली, चारही सर्व्हर उघडणारी सगळ्यात मोठी किल्ली टाकली होती.

नालुबेगाने किझितोची तार उपटली. मावशींनी कमरेवर हात ठेवले. "महाराज, आता माझ्या किटलीचा जन्म सांगा."

प्रेषितांनी मान तिरकी केली. फेट्यावरून हात फिरवला. फिरवता फिरवता फेट्यातून कानातलं छोटं यंत्र निसटलं आणि हिशेबखात्याच्या चपलांमध्ये पडलं.

"जन्म राहू दे, मी चहाच टाकते," म्हणत मावशींनी किटलीचं बटण दाबलं. दिवे मंदावले आणि गोंजा सर्वांच्या देखत बंद पडला. बायका किंचाळल्या. नालुबेगा मात्र किटलीची तार हाताने चाचपत भिंतीपर्यंत गेली. किटली आणि गोंजा एकाच प्लगवर होते.

"मावशी, ही किटली कधी आली?"

"महिना झाला."

"हेच आपलं भूत. चहा टाकला की गोंजाची वीज जाते, त्याचं घड्याळ वीस-बावीस वर्षं मागे जातं, आणि वेळ जुळत नाही म्हणून बाकीचे तिघे त्याच्याशी बोलत नाहीत."

तिने गोंजा उघडून नाण्याएवढी बॅटरी तळहातावर घेतली. तशीच दुसरी मुख्य रस्त्यावरच्या घड्याळजीकडे मिळाली. किटली दुसऱ्या भिंतीवर गेली. नाईलमध्ये कोणालाच बुडवावं लागलं नाही. प्रेषित मागच्या दाराने गेले, किझितो कीबोर्ड सोडून गेले, आणि होडीवाले मासे उतरवायला धावले.

संचालक बराच वेळ रेंगाळले. शेवटी कपाळ पुसत म्हणाले, "नालुबेगा, चुकलं माझं. तू कुठेही जायचं नाहीस. पण एक सांग, हे सगळं तुला कसं कळलं?"

नालुबेगाला इतका वेळ आवरून धरलेला राग एकदम आला. "साहेब, हाच प्रश्न! तीनच शब्द आहेत: तुला कसं कळलं? मी सांगते आणि वर करून दाखवते, म्हणून मला विचारता. जो सांगत नाही त्याच्यासमोर चपला काढता. हे तीन शब्द तुम्ही सकाळी त्यांना विचारले असते, तर दुपारी माझ्यावर ही वेळ आली नसती."

संचालकांनी ते तीन शब्द एका चिठ्ठीवर लिहून घेतले.

"आणि आता पासवर्ड बदला. कोणाला सांगू नका. देवालासुद्धा नाही."