डाक आवृत्ती

माझ्या बायकोच्या मते मी घरात रद्दीचं दुकान काढलंय. काढलंय खरं. साठच्या दशकात इथे लुईझियानात आमची काळी पोरं गोऱ्यांच्या हल्ल्यांपासून बंदुका घेऊन चर्चची राखण करायची, तेव्हा गोऱ्यांच्या पेपरांनी जी गरळ ओकली ती सगळी मी जमवतो. ‘हत्यारबंद निग्रोंची टोळी’, ‘माथेफिरू’ वगैरे. शिव्या तर शिव्या, पण आमच्या माणसांची नावं छापलेली सापडतात ती त्यातच.

त्यातलं एक नाव माझ्या मावसभावाचं, ओडेलचं. चर्चच्या पायरीवर पोलिसांशी चकमक झाली आणि तो जागीच ठार झाला, असं सकाळच्या पेपरात आलं होतं. त्या रात्री पहाऱ्यावर तो एकटाच होता, त्यामुळे वेगळं सांगणारं कुणी नव्हतं. अर्लीन मावशी त्या ‘जागीच’वर जगली. माझ्या लेकराला काही कळलंसुद्धा नाही, असं म्हणून ती स्वतःची समजूत घालायची. मला मात्र ती चकमक कधी पटली नाही.

हा पेपर रात्रीतून दोनदा निघायचा. लांबच्या मळ्यांसाठी आधी टपालाने जाणारी डाक आवृत्ती, मग पहाटे गावासाठी दुसरी. चकमकीची बातमी होती ती गावची आवृत्ती ढिगाने मिळते. त्या दिवशीची डाक आवृत्ती मात्र मी वर्षानुवर्षं शोधत होतो. शेवटी ती सापडली नदीकाठच्या एका खोपटात. थंडी अडवायला आमचे लोक भिंतींना पिठाच्या खळीने पेपर चिकटवायचे, तशी ती चिकटवलेली होती. ओल्या फडक्याने भिजवून भिजवून मी ती सोडवली.

मी तडक मावशीकडे गेलो. नव्वदीची बाई, डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं: ओडेल पिकन्स यास रात्री चर्चसमोर पकडण्यात आले. त्याने प्रतिकार केला नाही. इजा नाही. त्यास तुरुंगात ठेवले आहे.

“चकमक वगैरे काही झालीच नव्हती, मावशी. हा पुरावा आहे. आता वकील गाठू,” मी म्हणालो. मला अगदी जिंकल्यासारखं वाटत होतं.

मावशीने वकिलाचं काही विचारलं नाही. “म्हणजे इथे आणलं होतं त्याला?” ती म्हणाली.

तुरुंगाची मागची भिंत तेव्हा तिच्या परसाला लागून होती. हे मला काय ठाऊक नव्हतं? लहानपणी त्याच परसात खेळलो मी. पण पुराव्याच्या नादात मला ते सुचलंच नाही. पेपर माझ्या हातात जड झाला. तिच्याकडे होती तेवढी एकच समजूत, आणि ती मी काढून घेतली होती.

“मावशी, त्याने…”

“हाका मारल्या असतील रे त्याने, अल्सी,” ती म्हणाली. “फार उकडत होतं त्या रात्री. मी तो घरघरणारा पंखा लावून निजले होते.”