भिंतीला ऐकवलेलं कौतुक

आमच्या साहेबांना ऑफिसात सगळे 'पुन्हाकरा' म्हणतात. पत्र नेलं, पुन्हा करा. दुरुस्त करून नेलं, पुन्हा करा. शेवटी पहिलंच परत नेलं की म्हणणार, "आता कसं!" या माणसाच्या हाताखाली माझा जीव नकोसा झालाय. त्यातून नवरा आणि लेक दुसऱ्या शहरात, मी इथे एका खोलीत एकटी. तिथल्या शाखेत बदली मिळावी म्हणून अर्ज दिला होता, तो शिफारशीच्या सहीसाठी साहेबांच्या टेबलावर पडून होता.

तेवढ्यात हेड ऑफिसच्या परवानगीनं विद्यापीठातली एक बाई आली. वरिष्ठ आणि कर्मचारी यांच्या नात्यावर तिचं संशोधन. एकेकाला मीटिंगच्या खोलीत बोलवायची, दार लावायची आणि म्हणायची, "अगदी मनमोकळं बोला हं!" आता हिला कोण सांगणार, की साहेबांच्या केबिनची मधली भिंत प्लायवूडची आहे, तीही वरपर्यंत गेलेली नाही? इकडे कुणी शिंकलं की पलीकडे साहेब खाकरतात. त्या खोलीत आम्ही सगळे भिंतीला ऐकवायलाच बोलतो.

मग काय, चढवलं साहेबांना हरभऱ्याच्या झाडावर. "साहेब म्हणजे मला वडिलांसारखे! त्यांच्यामुळे मी घडले! त्यांच्याशिवाय मला काम सुचायचं नाही!" बाई भारावून लिहून घेत होती. शेवटी तिनं विचारलं, "तुमचं उदाहरण नावानिशी दिलं तर चालेल?"

"खुशाल द्या!" मी भिंतीकडे तोंड करून ओरडले.

बाहेर आले तर शिपाईकाका हसत उभे. "कुणासाठी एवढा घसा फोडलात, ताई? साहेब मघाशीच दातांच्या डॉक्टरकडे गेलेत."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, जाऊ दे, कुणाचं वाईट तर केलं नाही.

महिन्याभराने हेड ऑफिसचं उत्तर आलं. बदली नामंजूर. संशोधनात कंपनीतली सर्वांत घट्ट जोडी म्हणून आमची नावं आलीत, ही जोडी तोडणं योग्य नाही. उलट नव्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात मी साहेबांच्या शेजारी बसायचं. मला रडूच फुटलं. लेकीनं तिथल्या कपाटात माझ्यासाठी एक कप्पा रिकामा करून ठेवला होता.

तणतणत केबिनमध्ये शिरले. "साहेब, अर्जावर शिफारशीची एक सही केली असती तर तुमचं काय बिघडलं असतं?"

"अहो, सही मी ती बाई आली त्याच दिवशी केली, दातांच्या डॉक्टरकडे जायच्या आधी," साहेब गोंधळून म्हणाले. "नावं छापू का विचारायला त्या बाईचा फोन आला, तिलाही सांगितलं, आमचं दोघांचं अजिबात जमत नाही, त्यांना जाऊ द्या. तर ती म्हणते, हा तुमचा मोठेपणा!"

 मी तिथेच कागद ओढला आणि नवा अर्ज खरडला. साहेबांनी वाचला. 'पुन्हा करा' म्हणाले नाहीत, लगेच सही केली.

"पण उपयोग काय?" ते म्हणाले. "वरचे म्हणणार, बघा, एकमेकांसाठी किती करतात!"

तेवढ्यात माझा फोन वाजला. लेकीचा होता, आणि मला तो उचलवेना.