आईची रिकामी खोली

आई पाय मोडून दवाखान्यात पडली होती, तेवढ्यात थोरल्या मुलाने तिची खोली रिकामी केली. बरण्या, पिशव्या, वडिलांचे कोट, सगळं भंगारात गेलं.

"साठवत राहणं हा आजार असतो, आई," तिला घरी आणल्यावर तो म्हणाला.

आईने दार ढकललं. आत छतापर्यंत तेलाचे डबे रचले होते.

"मग हे काय रे?"

"हा माल आहे. बाजारात टंचाई आहे. भाव चढला की काढू."

सुनेने तिची खाट बाहेर, दाराजवळ टाकली होती. "कुणी मागायला आलं तर नाही म्हणा," तिने बजावलं.

संध्याकाळी शेजारीण वाटी घेऊन आली. दवाखान्यात आईला जेवण तिनेच पोचवलं होतं.

"घरात थेंब नाही गं," आई म्हणाली आणि भिंतीकडे बघत राहिली.