वरचे चार दात

शेंगाचटणी चमच्यानं खायची नसते.

बेलबॉटम एवढा घेरदार की चालणाऱ्याचे पाय दिसत नाहीत. माणूस तरंगत आल्यासारखा.

राख. मीठ. लिंबाची फोड. पुन्हा राख.

'रंग जाणार नाही' असं चादरीच्या घडीवर छापलेलं असतं.

वैरागच्या बाजारात बैल घेणारा आधी त्याचा ओठ वर करतो.

*

आता क्रमानं.

सोलापुरातल्या एका कारखान्यानं टॉवेलच्या कापडाचे झगे काढले होते. ते व्यापाऱ्यांना दाखवायला मुंबईहून बेलबॉटम घातलेली चार देखणी मुलं आणली. संध्याकाळी क्लबच्या हिरवळीवर, रंगीत दिव्यांखाली, बाजाच्या तालावर ती चालणार. मुंबईत असं रोज चालतं म्हणे. सोलापुरात पहिल्यांदाच. चौघांतल्या एकानं आदल्या रात्री जेवताना वाटीभर तिखटजाळ शेंगाचटणी चमच्यानं संपवली आणि हॉटेलात आडवा झाला.

मुलांना चालवणाऱ्या बाईंना सगळे मॅडम म्हणत. झगे घ्यायला त्या कारखान्यात आल्या आणि एका मागापाशी थांबल्या.

"हा कोण?"

"जोतीराम," चनबसप्पा जॉबर म्हणाला. माग बिघडला की दुरुस्त करणारा तो. "वैरागचा हाय. का वो?"

मॅडमनी वर पाहिलं. बराच वर. दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढी उंची, जबड्यापर्यंत उतरलेले कल्ले, डोळे असे की समोरच्यानं आपला शर्ट नीट करावा.

"आज संध्याकाळी हा माझा."

"न्या की. याची मावशी हुंडा मागंल, तेवढं बघा."

मागवाले हसले. जोतीरामही हसला, तोंड मिटून.

"जमलं तर आजच मुंबईला चल आमच्याबरोबर," मॅडम त्याला म्हणाल्या. "साबण, ब्लेड, शर्टाचं कापड. जाहिरातींना असा चेहरा हवाच असतो."

चेहरा. त्यात दात धरायचे की नाही?

*

धोट्यात, मागावर आडवा धागा घेऊन धावणाऱ्या लाकडी होडीत, सुताची नवी कांडी घातली की दोऱ्याचं टोक भोकातून बाहेर काढावं लागतं. भोकाला ओठ लावायचे, श्वास आत ओढायचा, टोक जिभेवर येतं. मग दातात धरून तोडायचं. हाताला वेळ नसतो. जोतीरामच्या वरच्या चार दातांना खाचा पडल्या होत्या, आणि त्या खाचांत चादरीचा लाल रंग बसला होता.

दिसले तर मुंबई नाही. हे मॅडम म्हणाल्या नव्हत्या. तो स्वतःला म्हणत होता, सारखा.

*

चांगुणामावशीच्या खोलीत, जोतीराम आरशासमोर. हिरडीतून रक्त.

"आता काय दगडानं घासतूस का?"

"मावशे, लाल जाईना."

"कसं जाईल? मालकानं छापून दिलंय की." मावशी हसून हसून खाली बसली. मग उठून त्याच्या खांद्यावरची राख झटकली. "हसू नगंस, झालं."

"तितं हसायलाच लावत्यात."

*

तालीम.

"चाल. थांब. वळ. हस."

ओठ ताणले. मिटलेलेच.

"हस रे."

घाम. मुंबईची तिघं बघताहेत. त्यांचे दात, तीन तोंडांतले, चुन्यासारखे.

मॅडम जवळ आल्या. मान तिरकी केली. "थांब. नकोच हसू. असाच राहा. रागावल्यासारखा."

सुटलो.

सुटलो? मुंबईत जन्मभर रागावून राहायचं? चहा पिताना? कुणी विनोद केला तर?

*

दिवे. बाजा. खुर्च्यांवर हैदराबाद, हुबळी, पुणे. मागच्या दोरीपलीकडे खुर्च्या मांडायला आणलेले मागवाले.

पहिली फेरी. राग. टाळ्या.

दुसरी फेरी. राग. एका व्यापाऱ्याची बायको बाजूच्या बाईच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी पदर सावरून बसल्या.

तिसरी. पांढरा झगा, छाती उघडी. मधोमध थांबायचं, हात कमरेवर. त्यानं हात कमरेवर नेला आणि त्याला बाहीवर एक दोरा दिसला. सुटलेला. उजेडात हलणारा.

बघू नको.

पुढं बघ. हुबळीकडं बघ.

मान आपोआप खाली गेली. ओठ दोऱ्याला, दोरा दातात. कट्. तुकडा त्यानं बाजूला थुंकला, रोज थुंकतो तसा, आणि तुटल्या जागेवर अंगठा फिरवला.

बाजा चालू.

मग दोरीपलीकडून चनबसप्पाचा आवाज: "जोत्या, दुसरी कांडी घाल की!"

मागवाले हसत सुटले. खुर्च्यांवरची माणसंही. आणि जोतीरामला, दिवसभर आवळून धरलेल्या त्या तोंडाला, हसू आलं. सगळं. उजेडात.

*

पडद्यामागं मॅडमनी त्याची हनुवटी धरली. "तोंड उघड." अंगठ्यानं ओठ वर केला. वैरागच्या बाजारात असंच.

"हे सकाळी का नाही सांगितलंस?"

तोंडात अंगठा.

"बरं. मुंबईत माझा डॉक्टर आहे. हे चार काढू, नवे बसवू. पण ते आधी. काम त्याच्यानंतर."

"नव्या दातानं दोरा तुटतो का?"

"कसला दोरा?"

झगे गोळा करायला आलेला चनबसप्पा म्हणाला, "न्हाय तुटत. आमच्या आप्पानं बसवून घेतल्याले. दोऱ्यासंगं दातच भाईर आला." स्वतःच हसला. मग हसला नाही. "जोत्या, कायमचं जायचं आसंल तर काढ दात. परत मागावर यायचं आसंल तर नगं."

"काम मिळालं न्हाय तर?"

हे त्यानं मॅडमना विचारलं, पण त्या गाडीकडे निघाल्या होत्या. "मिळेल रे. चेहरा आहे," त्या न वळता म्हणाल्या.

चनबसप्पानं झगे खांद्यावर टाकले. "मावशीला काय सांगू?"

"सांग... गेला म्हनून."

*

स्टेशनकडे जाणारी मोटार. मागच्या सीटवर तीन देखणी मुलं आणि चौथं, पोट धरून बसलेलं. पुढं, दाराला चिकटून, जोतीराम. काचेत त्याचा चेहरा. दिवा आला की दिसतो, गेला की नाही. तोंड मिटलेलं. आत जीभ एकेका खाचेवरून फिरते आहे. पहिली. दुसरी. तिसरी. चौथी. पुन्हा पहिली.

"ए हीरो," मागून एकजण म्हणाला, "हस की एकदा."

त्यानं काच खाली केली. तिच्यातला चेहरा गेला.

*

दुपारी मावशीनं त्याला वाटेत खायला दातानंच तुटतात तसल्या कडक भाकऱ्या बांधून दिल्या होत्या.