पांढरं बटण

चार वाजता पुण्याच्या सरांना मी बनवलेल्या वेबसाइटची स्क्रीन दाखवायची होती. माझा मुलगा नोहा झाल्यानंतर मिळालेलं हे माझं पहिलंच काम, आणि ते टिकणार की जाणार हे आजच ठरणार होतं. अन् भिंगारच्या आमच्या दोन खोल्यांत बसून माझं स्क्रीनवरचं बटण काही हिरवं होईना.

ही नवी पद्धत म्हणे सोपी! स्टाइलची वेगळी फाईल नको. जावास्क्रिप्टच्या कोडमध्येच रंगाचं तयार नाव लिहायचं, की झालं. डोंबलाचं झालं. सगळं पुसून पुन्हा इन्स्टॉल केलं, तरी बटण पांढरंफटक. एररसुद्धा नाही.

"आराधना, नोहाचा आवाज येईना गं," अंगणातून सासूबाई ओरडल्या. "लई गप हाय. कायतरी उद्योग चालला असंल."

"बघते, मम्मी," म्हणत उठले आणि थबकले. स्क्रीनही गप्पच होती की! न कळलेलं नाव ही नवी पद्धत मुकाट सोडून देत होती. रंग बदलता यावा म्हणून मी शहाणपणानं नावाचे दोन तुकडे करून कोडमध्ये जोडले होते, आणि तिला तर पूर्ण लिहिलेलं नावच ओळखता येतं. नाव सलग लिहिलं. बटण हिरवंगार!

तेवढ्यात स्वयंपाकघरात डबा आपटला. धावले, तर नोहा ज्वारीच्या पिठात बसला होता, भुवयांसकट पांढरा. त्याला उचललं आणि फोन वाजला.

"झालं का, मॅडम?"

"झालं, सर," पिठाळ बोटानं लॅपटॉपवर स्क्रीन शेअर करत मी म्हणाले. "कॅमेरा तेवढा बंद ठेवते."