भिंगरीचा डावा बूट

मित्रांनो, मी एक जुना बूट आहे. फुटबॉलचा, आणि तोही डाव्या पायाचा. माझा उजवा भाऊ शेजारीच बसला आहे, पण तो मुळातच अबोल. तेव्हा दोघांच्या वतीने मीच बोलतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे चामडं कापणारे वेगळे, शिवणारे वेगळे आणि तळवा चिकटवणारे वेगळे. माझ्या तळव्याला आट्यांची भोकं आहेत. त्यांत फिरवून खुंट्या बसवतात. मैदानावर त्यांना स्टड म्हणतात. ओल्या, मऊ जमिनीवर लांब स्टड लावायचे आणि कोरड्या, टणक जमिनीवर आखूड. हे सगळं माझ्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेलं होतं. पण माझ्या पहिल्या मालकाने पहिल्याच दिवशी खोकं फेकून दिलं. पुढे त्याने मला दुरुस्तीला टाकलं आणि तो परत आलाच नाही.

दुरुस्तीचं दुकान जिन्याखाली होतं. आत एक माणूस बसेल एवढीच जागा. सरसाचा वास, मेणाचा दोरा, आणि बूट चढवून ठोकायला वर तोंड करून उभा असलेला लोखंडी पाय. दुकानदाराला सगळे जण 'बाबा' म्हणत, कारण त्यांची मुलगी दिवसातून दहा वेळा तशी हाक मारत यायची. त्यांच्याकडे बांधकामावरच्या बाया यायच्या, ओझी वाहणारे यायचे, दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या मावशी यायच्या. बाबा प्रत्येकाच्या तळव्यात खोल खाचा पाडून द्यायचे आणि म्हणायचे, "पाय घसरता कामा नये. बाकी सगळं नंतर." मावशी ओल्या फरशीवरून बिनधास्त चालत जाताना दिसल्या, की त्यांचा चेहरा खुलायचा.

माझा मालक येत नाही हे नक्की झाल्यावर त्यांनी मला उसवून पुन्हा शिवलं आणि मुलीला दिलं. मुलीला सगळे भिंगरी म्हणत. चेंडू पायाशी घेऊन ती अशी गर्रकन फिरायची, की समोरची खेळाडू भलतीकडेच धावायची. घरातही तिचा तोच उद्योग. तिची आत्या ओरडायची, "अगं, स्वयंपाकघर आहे हे! तू फिरतेस आणि डोकं माझं गरगरतं."

ते दिवस माझ्या सुखाचे होते. खेळून आलो की बाबा मला ओल्या फडक्याने पुसायचे, आत कागदाचे बोळे भरायचे, सावलीत वाळवायचे. एकदा संघाच्या कोचबाईंनी मला उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "कुणी शिवलेत गं हे? कारखान्यालाही जमणार नाही अशी शिवण आहे." बाजूलाच उभ्या असलेल्या बाबांनी न ऐकल्यासारखं केलं. पुढचे कित्येक दिवस मात्र दुकानात आलेल्या प्रत्येकाला ते ही गोष्ट सांगत होते.

मग तो सामना आला. मोठा सामना होता. आमच्या मैदानावर चिखल होता आणि सरावात भिंगरी वरचेवर घसरत होती. ती रडकुंडीला आली. बाबांना लेकीचा पाय घसरलेला बघवेना. त्यांनी कुठून तरी सगळ्यांत लांब स्टड शोधून आणले, माझ्या तळव्यात पकडीने घट्ट आवळले आणि म्हणाले, "आता कशी पडतेस ते बघतो."

सामना ऐन वेळी दुसऱ्या मैदानावर गेला. तिथे चिखलाचं नाव नव्हतं. वर दाट गवत आणि खाली टणक जमीन. बस उशिरा पोचली. अंग गरम करायचे व्यायाम राहून गेले. पंच शिट्टी हातात घेऊन उभेच होते. त्यात भिंगरीने आठवडाभर सराव जरा जास्तच केला होता. तिचं पाऊल जड पडतंय, हे मला आतून कळत होतं.

मध्यंतरात कोचबाईंनी विचारलं, "दमलीस का? बसवू थोडा वेळ?"

"छे! मी आणि दमणार?" भिंगरी म्हणाली.

त्यानंतर थोड्याच वेळात चेंडू तिच्याकडे आला. ती भरधाव धावत होती. एकदम थांबली आणि नेहमीसारखी गर्रकन फिरली. तिचे खांदे फिरले, कंबर फिरली, मांडी फिरली. पण माझे लांब स्टड गवतात रुतले होते. मी जागचा हललो नाही. गुडघा आत वळला आणि त्यातून बारीकसा 'टक' असा आवाज आला.

लोक ओरडू लागले, "ढकललं! त्या मुलीला बाहेर काढा!" समोरच्या संघातली ती मुलगी रडायलाच लागली. भिंगरी कळवळत होती, तरी म्हणाली, "तिला बोलू नका. माझ्याजवळ कुणीच नव्हतं."

संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. मांडीचं हाड आणि नडगी यांना गुडघ्याच्या आत जखडून ठेवणारा एक दोरीसारखा बंध असतो. त्याला लिगामेंट म्हणतात. ते तुटलं होतं. शस्त्रक्रिया करावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग त्यांनी मला हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "या जमिनीवर इतके लांब स्टड? ते रुतले असतील." डॉक्टर पुढेही बरंच बोलले. बाबांनी ते ऐकलंच नाही.

दुकानात येऊन त्यांनी माझे स्टड एकेक करून काढले आणि आम्हा दोघा भावांना सर्वांत वरच्या फळीवर मागे ढकललं. संघातल्या मुली बूट घेऊन आल्या, की ते मान वर न करता म्हणत, "खेळाचे बूट मी करत नाही."

शस्त्रक्रिया झाली. माझ्यावर धूळ साचत गेली. बाबा घरी उशिरा जात आणि लेकीच्या गुडघ्याकडे बघत नसत. आत्या एकदा दुकानात येऊन चांगलंच बोलली. "दादा, पोरगी तिकडे एका पायावर उभी राहायला शिकतेय. आणि तू दोन्ही पाय धड असून इथे बसून राहिलायस!"

पुढे भिंगरी स्वतः चालत दुकानात आली. "बाबा, माझे बूट?"

"टाकून दिले."

"तुम्ही वाकडा खिळासुद्धा टाकत नाही. बूट टाकाल?"

"खेळायचंच असेल तर नवे घे. दुसऱ्या कुणाकडून."

भिंगरी उंबऱ्यावर बसली. "तुम्ही बूट बघून दिल्याशिवाय मी मैदानात पाय टाकणार नाही. आणि मला खेळायचंय, बाबा. फार खेळायचंय."

बाबा दोरा ओवत राहिले. दोरा काही सुईत जाईना.

दुसऱ्या दिवशी आत्याने मला फळीवरून काढलं, पिशवीत घातलं आणि बाबांना हाताला धरून भिंगरीचे व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओबाईंकडे नेलं. भिंगरी तिथे एका पायावर अर्धवट बसायचा सराव करत होती. फिजिओबाईंनी माझा रिकामा तळवा पाहिला. त्या सामन्याचं सगळं भिंगरीने त्यांना आधीच सांगितलं होतं.

"लांब स्टड हे एक कारण असू शकतं," त्या म्हणाल्या. बाबांची मान खाली गेली. "पण काका, बाकीची ऐकणार, की एवढंच घेऊन घरी जाणार?"

"बाकीची?"

"अंग गरम न करता खेळली. आठवडाभराचा थकवा होता. धावताना अचानक थांबली, तेव्हा गुडघा वाकवला नाही, ताठ ठेवला आणि तो आत गेला. मांडीच्या मागचे स्नायू पुढच्यांपेक्षा कच्चे होते. आणि मुलींमध्ये ही दुखापत तशीही जास्त दिसते. यातल्या नेमक्या कशाने लिगामेंट तुटलं, हे मीही छातीठोकपणे सांगणार नाही. बहुतेक सगळ्यांनी मिळून तोडलं."

बाबा हळूच म्हणाले, "पाय घसरू नये, एवढंच बघत आलो मी आयुष्यभर."

"दवाखान्याच्या फरशीवर ते बरोबरच आहे. पण मैदानात वळताना पाय थोडा सुटावा लागतो. जमिनीने बूट सोडला नाही, की सगळा पीळ गुडघ्याला बसतो."

भिंगरी एका पायावर डुगडुगत म्हणाली, "आणि दमलीस का असं विचारल्यावर 'छे' कोण म्हणालं? त्याचंही खापर स्वतःवरच फोडून घेणार का, बाबा?"

बाबा हसायला गेले आणि त्यांचे डोळेच भरून आले. मग कितीतरी दिवसांनी त्यांनी लेकीच्या गुडघ्याकडे नीट पाहिलं. व्रणावर अलगद हात ठेवला. "दुखतं का गं?" त्यांनी विचारलं.

"विचारलंस एकदाचं!" आत्या म्हणाली आणि पदराने नाक पुसू लागली.

त्यानंतर बाबा भिंगरीच्या व्यायामाला रोज हजर राहू लागले. गुडघा आत झुकला, की फिजिओबाईंच्या आधी तेच ओरडायचे. माझ्या तळव्यात आखूड स्टड आले. संघातल्या मुलींचे बूट पुन्हा दुकानात आले. आता बाबा आधी विचारायचे, "कुठल्या मैदानावर खेळणार? जमीन कशी आहे?" उत्तर ठाऊक नसेल, तर मुलीला परत पाठवायचे.

जवळजवळ वर्षभराने, डॉक्टरांनी आणि फिजिओबाईंनी होकार दिल्यावर, भिंगरी सामन्यात उतरली. अंग व्यवस्थित गरम करून उतरली. ती फिरली, मीही तिच्याबरोबर फिरलो. गवताने मला धरलं आणि वेळेवर सोडलंही. खेळ ऐन रंगात आला होता. पण तिची टाच जराशी फरफटू लागली, आणि मला धाकधूक वाटली.

तेवढ्यात भिंगरी थांबली. तिने हात वर केला. "कोचबाई, मी दमले. मला बाहेर घ्या."

लोक हळहळले. मैदानाच्या कडेला एकटे बाबा जोरजोरात टाळ्या वाजवत होते.

"दादा, गोल कुठे झालाय?" आत्याने विचारलं. "टाळ्या कसल्या?"

"झाला," बाबा म्हणाले. "मी बघितला."

मग ते भिंगरीसमोर खाली बसले आणि माझी नाडी सोडू लागले.

मित्रांनो, खेळायला निघालात, की आम्हाला एकदा उलटं करून पाहा. मैदानाला हात लावून पाहा. अंग गरम करायला वेळ द्या. आणि दमलात, तर लाजू नका, सांगा. पाय थकला हे आम्हा बुटांना आतल्या आत कळतं. पण आम्हाला हात वर करता येत नाही. तो तुम्हीच करायचा असतो.